तीन नळ्यांतून तीन बाण: गोळी सरळ जाते, मग बाणच का बिथरतो?

खराट्याची काडी (धागाकर्ता)

आमच्या वाड्यात आम्ही खराट्याच्या काड्यांचे बाण करायचो. नुसती काडी धनुष्यावरून सोडली की हवेत कोलांट्या खात कुठेही जायची. उन्हाने वितळलेलं रस्त्यावरचं डांबर चिमटीत घेऊन तिच्या टोकाला गोळी बसवली, की तीच काडी सरळ समोरच्या तुळशीवृंदावनावर. मग आजीचा आवाज. डांबराने काय जादू केली हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

गेल्या वर्षी लेकीकडे मॅसॅच्युसेट्सला होतो. जावयांनी एका रविवारी स्प्रिंगफील्डच्या जुन्या शस्त्रागारात नेलं. १७९४ पासून बंदुका घडवणारा हा सरकारी कारखाना १९६८ मध्ये बंद झाला, आता तिथे संग्रहालय आहे. ऑर्गनच्या नळ्यांसारख्या उभ्या रचलेल्या जुन्या मस्केट बंदुकांसमोर सगळे फोटो काढत होते, मीही काढला. घरी येऊन कारखान्याच्या शेवटच्या वर्षांबद्दल वाचत बसलो आणि हा किडा चावला. पन्नास-साठच्या दशकात अमेरिकन लष्कराने रायफलमधून गोळीऐवजी बाण मारायचा घाट घातला होता! बाण कसला, पोतं शिवायच्या दाभणाहून बारीक सुई. जाडी दोन मिलिमीटरच्या आत, वजन सुमारे ०.६५ ग्रॅम, मागे चार इवलाले पंख, वेग सेकंदाला साधारण १४०० मीटर. फ्रेंचमध्ये फ्लेशेट म्हणजे छोटा बाण, तेच नाव रूढ झालं.

आधी मुळाशी जाऊ. हवेत फेकलेली लांबट वस्तू सरळ ठेवायचे दोनच मार्ग: भोवऱ्याचा आणि बाणाचा. रायफलची गोळी म्हणजे भोवरा. नळीत आटे पाडलेले असतात, गोळी गरागरा फिरत बाहेर पडते आणि गिरकीच्या जोरावर नाक पुढे ठेवते. बाणाचं तसं नाही. त्याचा गुरुत्वमध्य पुढे असतो आणि हवेचा दाब जिथे एकवटतो ते दाबकेंद्र पिसांमुळे मागे असतं. नाक जरा वाकडं झालं की हवा शेपटीला ढकलून पुन्हा रांगेत आणते. डांबराच्या गोळीने गुरुत्वमध्य पुढे आणला, एवढीच ती जादू.

मग सुईलाही भोवऱ्यासारखं का फिरवायचं नाही? हिशोब करून बघा. वुलिचच्या लष्करी अकादमीत शिकवणाऱ्या ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञाने १८७९ मध्ये एक सूत्र दिलं. गोळी जितकी लांबोडकी, तितके आटे जवळजवळ हवेत. जाडीच्या २३ पट लांब असलेल्या पोलादी सुईला ते लावलं (सूत्र इतक्या लांब वस्तूसाठी नाही, पण अंदाज येतो) तर साधारण दर १० मिलिमीटरला एक फेरा हवा. १४०० मीटर वेगाला म्हणजे सेकंदाला १ लाख ४० हजार फेरे! त्या काळातल्या एम-१६ रायफलची गोळी सव्वातीन हजारांच्या आसपास फिरायची. म्हणजे भोवरा बाद, बाणच करायला हवा.

आता ‘तीन नळ्या’ कुठून आल्या? १९५२ मध्ये नॉर्मन हिचमन यांनी लष्करासाठी एक अहवाल लिहिला. पायदळाची बहुतेक गोळीबारी ३०० यार्डांच्या आत होते आणि नेम चुकतो तो बंदुकीमुळे नाही, धरणाऱ्या माणसामुळे, असं त्यात होतं. मग एकाच चापात दोन-तीन गोळ्या थोड्या विखरून गेल्या तर एखादी तरी लागेल. त्यातून प्रोजेक्ट साल्वो निघाला. साल्वोला मराठीत झकास शब्द आहे, सरबत्ती. १९५६ मध्ये फोर्ट बेनिंगच्या लष्करी तळावर चाचण्या झाल्या. एका काडतुसात दोन गोळ्या होत्या, बारा बोअरच्या शॉटगनमधून एकदम ३२ बाण होते, काय काय होतं. हलक्या बाणाचा धक्का खांद्याला कमी बसतो, त्यामुळे लागोपाठ तीन सोडले तरी नेम फारसा हलत नाही. हे लष्कराला आवडलं आणि पुढे एसपीआयडब्ल्यू नावाचा रायफल-प्रकल्प सुरू झाला. १९६४ मध्ये चार नमुने आले. एक त्याच स्प्रिंगफील्डच्या कारखान्याचा, बाकी कंपन्यांचे: एएआय, विंचेस्टर आणि हॅरिंग्टन अँड रिचर्डसन.

धागा काढला तो या चौथ्यासाठी. बाकीच्यांनी एका नळीतून भराभर तीन बाण सोडायचं ठरवलं. या मंडळींनी डेव्हिड डार्डिक या अमेरिकन शस्त्र-संशोधकाची कल्पना उचलली: फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखं प्लास्टिकचं काडतूस, त्यात शेजारी शेजारी तीन बाण, आणि एकाच जाड नळीत तीन भोकं. चाप एकदा ओढायचा, तिन्ही एकदम बाहेर. कागदावर किती सुबक! प्रत्यक्षात बंदूक ठरलेल्या वजनाच्या दुपटीहून जड झाली, वर सुरक्षितही वाटेना. पहिल्याच फेरीत बाद.

माझं मत असं की वजन हा नशिबाचा भाग होता. हलकी बनवली असती तरी ती अडलीच असती, आणि अडली असती नळीच्या तोंडापासून पुढच्या हातभर अंतरात. हवेत एकदा नीट लागलेला बाण बिचारा मुकाट सरळ जातो, ते कोडं माणसाने दगडी टोकं वापरायच्या काळात सोडवलंय. तो बिघडतो सुरुवातीलाच.

कसं ते बघा. सुई नळीपेक्षा बारीक, म्हणून तिच्याभोवती प्लास्टिकचा किंवा फायबरचा चार फाकांचा जोडा असतो, त्याला सॅबो म्हणतात. नळीतला दाब या जोड्यावर बसतो आणि जोडा सुईला कमरेत पकडून ओढत नेतो. बाहेर पडताच चारही फाका एकाच क्षणी सुटायला हव्यात. एक जरी रेंगाळली तरी सुईला कोपरखळी बसते. त्याच वेळी मागून कोंडलेला वायू सुटतो आणि काही क्षण तो बाणापेक्षाही जोरात पुढे धावतो. म्हणजे वारा मागून. मागून वारा आला की पिसं उलटं काम करतात. पावसात छत्री पाठीमागून उलटते ना, तसं. वावभर पुढे गेलं की वारा पुन्हा समोरून लागतो आणि बाण सावरतो, पण तोवर त्याला लाथ बसलेली असते.

एका नळीला हे असं. तीन नळ्या बोटभर अंतरावर असतील तर शेजाऱ्याचा वायू आणि शेजाऱ्याच्या सॅबोचे तुकडे, सगळं वाट्याला येणार.

जाणकारांनी भर घालावी, चुका काढाव्यात.

———

मिठागर

पहिला! वाचतोय. छत्रीच्या उदाहरणाला दंडवत.

———

शंकासूर

छान लिहिलंय, पण एक शंका. तुम्हीच म्हणता बाण सावरतो. मग लाथ बसली तर बसली, पुढे सरळ होतोय ना? तक्रार काय?

———

त्रिज्या

@शंकासूर, प्रश्न नेमका आहे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. बाण सावरतो म्हणजे त्याचं नाक पुन्हा त्याच्या वाटेच्या रेषेत येतं. पण ती वाट कुठली? लाथ बसली की पहिल्या हेलकाव्यात बाण हवेला तिरका होतो आणि तिरक्या अंगावर हवा आडवा जोर लावते. त्या जोराने सगळा बाणच थोडा बाजूला ढकलला जातो. पुढचे हेलकावे लहान लहान होत विरतात, पहिल्याने दिलेली बाजूची गती मात्र तशीच राहते. म्हणजे पुढे बाण अगदी शहाण्यासारखा सरळ जातो, चुकीच्या दिशेने.

मी ढोबळ आकडे टाकून पाहिले. ४ सेंटिमीटर लांबीची, ०.६५ ग्रॅमची सुई, दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या ८ मिलिमीटर मागे धरलं. एक पूर्ण हेलकावा साधारण पाच-सहा मीटरचा निघतो. म्हणजे दिशा बिघडायची ती पहिल्या खोलीभर अंतरातच बिघडते. दिशेत हजारात एक एवढा फरक पडला तर ३०० मीटरवर ३० सेंटिमीटर चूक. दोन पडला तर माणूस हुकला.

धागाकर्ते, ‘हातभर’ बरोबर आहे, पण लाथ हातभरात आणि परिणाम दिवाणखान्याएवढ्या अंतरात, असं म्हणा.

———

खराट्याची काडी

त्रिज्याताई, हे माझ्या लेखात असायला हवं होतं. आभार. ‘शहाण्यासारखा सरळ, चुकीच्या दिशेने’ हे वाक्य आमच्या एका पुतण्यालाही लागू आहे, पण ते अवांतर.

———

लेथवाले काका

चाळीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली, पिंपरीत. तुमच्या गणितातलं मला कळत नाही, पण सुई बनवण्यातलं कळतं. पावणेदोन मिलिमीटरच्या तारेचं शेपूट दाबून चार पंख काढायचे, खिळ्याचं डोकं दाबतात तसं. लाखांनी काढायचे. डाय नवी असेपर्यंत चारही पंख सारखे. जरा झिजली की एक पंख जाड, एक पातळ, एखादा केसभर वाकडा. आम्ही हाताने घासून शंभर नग सरळ करून देऊ, लाख नाही. प्रत्येक सुई वेगळ्या बाजूला ओढणार, त्याचं काय?

———

त्रिज्या

काका, त्यावर जुना उपाय आहे. बाणाला थोडीशी गिरकी द्यायची. भोवऱ्यासारखी नाही, अगदी संथ. पंखांच्या कडा एका बाजूने तासल्या की हवाच फिरवते. वाकडा पंख डावीकडे ओढत असेल तर अर्ध्या फेऱ्यानंतर तोच उजवीकडे ओढतो. चूक जागच्या जागी फिटते, बाण मळसूत्रासारख्या बारीक वळणांनी पण एकंदरीत सरळ जातो.

यात मेख आहे. फिरण्याचा वेग आणि हेलकाव्याचा वेग सारखा झाला की घोटाळा. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो चढत जातो, तसंच. वाकडा पंख दर हेलकाव्याला नेमक्या त्याच बाजूने ढकलतो आणि तिरकेपणा वाढतच जातो. वरच्या हिशोबाने हेलकावे सेकंदाला अडीचशेच्या आसपास आहेत. बाण शून्य फेऱ्यांनी निघाला आणि हळूहळू पाचशेवर जाणार असेल, तर वाटेत अडीचशेचा उंबरठा ओलांडावाच लागतो. तो झटकन ओलांडला पाहिजे. कधी कधी बाण तिथेच अडकतो, फिरणं आणि हेलकावणं एकमेकांना धरून ठेवतात. असा बाण तिरका होऊन वेग गमावतो आणि कुठेतरी गवतात पडतो.

आणि उलट फार जोरात फिरवला तरी पंखांवर आडवे जोर येतात. म्हणून नळीला नुसते आटे पाडून बाण मारता येत नाही.

———

लेथवाले काका

म्हणजे संथ पण फार संथ नाही, जोरात पण फार जोरात नाही. आमचा जुना सुपरवायझर फीड रेटबद्दल हेच सांगायचा.

———

चांदणी चौक

‘नळीला आटे असतील तर बाण मारता येत नाही’ यावर पुणेकर म्हणून हरकत नोंदवतो. :) आपल्या अर्जुन रणगाड्याची १२० मिमी तोफ आट्यांची आहे आणि ती पंखांचा बाण मारते. हा गोळा, एफएसएपीडीएस, पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने घडवला. टी-७२ आणि टी-९० च्या १२५ मिमी तोफा मात्र गुळगुळीत नळीच्या आहेत.

युक्ती अशी की सॅबोवरचं आट्यांत रुतणारं कडं घट्ट बसवत नाहीत, ते घसरतं. कडं आट्यांबरोबर गरागरा फिरतं, आतल्या बाणापर्यंत फिरकीचा थोडाच भाग पोहोचतो. बैलगाडीचं चाक फिरतं, वर बसलेला गाडीवान नाही. आणि ती थोडी फिरकी त्रिज्याताई म्हणतात त्या कामाला उपयोगीच पडते.

पण रणगाड्याचा बाण किलोंचा, एकेक करून सोडायचा आणि एकेक तासून तपासलेला. त्याची आणि दाभणाची तुलना नको. मोठ्या बाणांनी जग जिंकलं आणि छोटे हरले, त्याचं कारण मला तरी काकांच्या कमेंटमध्येच दिसतं.

———

खराट्याची काडी

हरकत मान्य, ‘नुसते’ आटे पाडून नाही असं वाचावं. गाडीवान आवडला.

———

तिरकस

माणसं मारायच्या सुयांवर एवढी रसभरीत चर्चा. चालू द्या.

———

खराट्याची काडी

तिरकसराव, टोचलं ते बरोबर ठिकाणी टोचलं. व्हिएतनाममध्ये १०५ मिमी तोफेच्या ‘बीहाइव्ह’ गोळ्यात आठ हजार बाण भरलेले असत. त्याबद्दल वाचल्यावर मीही दोन दिवस धागा बाजूला ठेवला होता. पहिल्या महायुद्धात तर विमानातून मुठीने पोलादी बाण खाली टाकत, फ्लेशेट हे नाव तेव्हाचंच. त्यांना वेगळे पंखही नव्हते. मागचा अर्धा दांडा खोबणी पाडून फुलीच्या आकाराचा केलेला, म्हणजे शेपूट हलकं आणि नाक जड. माझ्या डांबराच्या गोळीचीच उलटी तऱ्हा. रस आहे तो बाण सरळ का जातो यात, कुणाला लागतो यात नाही. पण दोन्ही पूर्ण वेगळं काढता येत नाही हे खरं.

———

शंकासूर

आठ हजार बाण एका गोळ्यात भरले कसे? आणि ते सगळे नाक पुढे ठेवून निघत असतील?

———

चांदणी चौक

नाही ना. शेपटीचे पंख रुंद, नाक निमुळतं. सगळे एका दिशेने ठेवले तर जागा वाया जाते, म्हणून निम्मे उलटे. डब्यात चमचे रचताना एक सुलटा एक उलटा ठेवतो तसं. उलटे निघालेले हवेत गर्रकन फिरून नाक पुढे घेतात. पंखांचा बाण उलटा टिकतच नाही, हवाच त्याला वळवते. वळताना वेग जातो आणि दिशाही थोडी जाते, पण तिथे फैलावच हवा असल्याने कुणाला फिकीर नसते. रायफलीत ही चैन परवडत नाही.

———

ताम्हण

मला वाटलं होतं अनेक नळ्यांची बंदूक म्हणजे ती गोल फिरणारी, गॅटलिंग. तिच्यातून बाण मारले तर? नळ्याच फिरतायत म्हटल्यावर बाण आडवाच फेकला जाईल ना?

———

त्रिज्या

ताम्हण, मस्त प्रश्न. विमानावरची २० मिमी एम-६१ घेऊ. सहा नळ्या, मिनिटाला ६००० गोळ्या. म्हणजे नळ्यांचा जुडगा मिनिटाला १००० फेरे घेतो, सेकंदाला साडेसोळा-सतरा. नळी मधल्या आसापासून ६ सेंटिमीटरवर धरा. तर तोंडाशी आडवा वेग सेकंदाला सहा मीटरच्या थोडा वर. गोळी पुढे जाते हजार मीटरच्या वर. म्हणजे दिशा हजारात सहा एवढी कलते, हजार मीटरवर सहा मीटर!

ऐकायला भयंकर आहे, पण प्रत्येक गोळी त्याच जागी, त्याच वेगाने, त्याच बाजूला कलते. चूक दरवेळी तीच असेल तर ती नेम धरणाऱ्या काचेत वळती करून टाकता येते. बाण मारला तर तो जरा तिरका निघेल खरा, पण तिरका निघणं आणि लाथ खाऊन निघणं यात फरक आहे. नुसता तिरका निघालेला बाण दोन्ही बाजूंना सारखाच हेलकावतो, डावीकडचं उजवीकडे फिटतं. शिवाय एका वेळी एकच नळी उडते, शेजारी गप्प असतो. माझं मत विचाराल तर बाणाला फिरत्या नळ्या परवडतील, एकदम उडणाऱ्या तीन नळ्या नाही.

———

शंकासूर

मी पुन्हा आडवा येतो. तिन्ही बाण एकाच क्षणी सुटले तर तिन्हींवर सारखाच मार बसेल ना? मध्यापासून बाहेर, तीन दिशांना सारखा. मग छान त्रिकोणी फैलाव मिळेल. लष्कराला फैलावच हवा होता! सरबत्तीचा मूळ उद्देशच तो.

———

खराट्याची काडी

शंकासूरजी, हाच तर त्या मंडळींचाही आडाखा असावा. कळीचा शब्द ‘एकाच क्षणी’. १४०० मीटर वेगाला एक दशसहस्रांश सेकंदाचा फरक म्हणजे १४ सेंटिमीटर. एक सॅबो नळीत थोडा घट्ट बसला, एक थोडा सैल, की एवढा फरक सहज पडेल. मग पहिला बाण वीतभर पुढे, आणि दुसरा बाहेर पडतो तो पहिल्याच्या वायूच्या लोटात. तिसऱ्याला दोघांचाही. पुढच्या वेळी क्रम वेगळा. फैलाव मिळतो, पण दरवेळी निराळा. हवा होता ठरलेला फैलाव, मुठीने धान्य पेरतात तसा नाही.

———

शंकासूर

ठीक. या फेरीत हरलो. पण नळ्यांची तोंडं लांब लांब ठेवली असती तर?

———

लेथवाले काका

मग ती बंदूक नाही, बैलगाडी झाली. आधीच वजन दुप्पट म्हणतायत.

———

सोल-कढी

नमस्कार मंडळी, कोरियात असते. तुमची सरबत्ती इथे त्याच्या पाचशे वर्षं आधीच झाली होती हे सांगायला आले.

जोसॉन राजवटीतला राजा मुंजोंग, साल १४५१. ह्वाचा नावाची दोन चाकांची गाडी त्याने सुधारून घेतली. तिच्यावर दोन प्रकारचे साचे बसत. एकात शंभर अग्निबाण, सिंगिजॉन. हे लोकांना माहीत असतात. दुसरा साचा कुणी बघत नाही: त्यात पन्नास छोट्या तोफनळ्या, सा-जॉन-चोंगतोंग. नावाचा अर्थच ‘चार बाणांची नळी’. एका नळीत चार बारीक बाण, पन्नास नळ्या, म्हणजे एका गाडीतून दोनशे बाण. १५९३ मध्ये हेंगजूच्या गडावर जपान्यांविरुद्ध ह्वाचा वापरल्या. सोलच्या युद्ध-स्मारकात प्रतिकृती आहे. मी मुलाला घेऊन गेले होते, त्याला शेजारचं विमान जास्त आवडलं.

दारू आणि बाण यांच्यामध्ये लाकडी गुडदी ठोकत, म्हणजे वायू बाणांच्या फटींतून निसटत नसे. तुमच्या सॅबोची आजीच म्हणा. आणि तोफेतून मारायच्या मोठ्या बाणांना पिसांऐवजी लोखंडी पंख असत, पिसं आगीत कुठली टिकायला.

युरोपातही १३२६ च्या एका हस्तलिखितात फुलदाणीसारखी तोफ आहे, तिच्या तोंडातून गोळा नाही, बाणच निघतोय. म्हणजे तोफ जन्माला आली तेव्हा लोकांना आधी बाणच सुचला.

———

खराट्याची काडी

सोल-कढी ताई, तुमच्या नावापासून प्रतिसादापर्यंत सगळं वसूल. मला ह्वाचा म्हणजे फक्त अग्निबाण असंच वाटत होतं. आपल्याकडेही जुन्या कागदपत्रांत ‘बाण’ म्हणजे बऱ्याचदा दारूचा अग्निबाणच. बांबूची लांब काठी बांधलेला, आपल्या दिवाळीच्या बाणाचा थोरला भाऊ. काठीचं काम पिसांचंच. दिवाळीत काठी मोडलेला बाण ज्याने लावलाय त्याला स्थिरता म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

———

मिठागर

काठी मोडलेला बाण आमच्या शेजारच्यांच्या गॅलरीतल्या धोतरात गेला होता. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

———

ताम्हण

मग शेवटी त्या रायफलचं झालं काय? आणि पावसात या सुया कशा जात असतील हो? आमच्याकडे जुलैत क्रिकेटचा बॉलही नीट जात नाही.

———

खराट्याची काडी

पावसाची तक्रार खरोखरच होती, सरी जोरात असल्या की बाण ढळतात अशी. हिशोब करू. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब ०.०६५ ग्रॅमचा, म्हणजे बाणाच्या वजनाचा दहावा हिस्सा! सुई अख्खा थेंब सोबत नेत नाही, मधोमध गेली तर तिच्या वजनाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं पाणीच तिच्या वाटेत येतं. पण थेंब मधोमध लागायला तो काही नेम धरून पडत नाही. एकाच पंखाला लागला की झाली लाथ, आणि ही लाथ अंगणात कुठेही बसू शकते. रायफलच्या गोळीचं वजन पाचपट, तिला असल्या थेंबाचं काही वाटत नाही.

रायफलचं म्हणाल तर १९६६ मध्ये दुसरी फेरी झाली, तीही समाधानकारक नाही. तोवर ‘तात्पुरती’ म्हणून घेतलेली एम-१६ कायमची झाली. आपल्याकडच्या तात्पुरत्या पत्र्याच्या शेडसारखी. कल्पना मात्र मेली नाही. १९८९-९० मध्ये पुन्हा चार कंपन्यांनी नव्या रायफली आणल्या, त्यांत एएआय आणि ऑस्ट्रियाची स्टायर यांच्या बाणांच्या होत्या. अट होती जुन्या रायफलीपेक्षा दुप्पट कामगिरीची. चौघांपैकी एकालाही जमली नाही. तक्रारी त्याच जुन्या: फैलाव, आणि तोंडातून उडणारे सॅबोचे तुकडे. तुमच्या पुढे उजवीकडे सहकारी आडवा झालाय आणि प्रत्येक चापाला प्लास्टिकच्या चार फाका त्याच्या कानाकडे, कल्पना करा.

———

चांदणी चौक

गोळीचंही हवेशी भांडण झालं होतं, फक्त बाणाला नावं नकोत. एम-१६ ला सुरुवातीला १४ इंचांत एक फेरा असे आटे होते. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, त्या चाचण्यांत गोळी डगमगू लागली. मग १२ इंचांत एक फेरा केला. म्हणजे भोवऱ्यालाही हवा बदलली की जास्त जोराने फिरवावं लागतं. बाणाला हवा दाट झाली तर उलट फायदाच, पिसांना जास्त पकड मिळते.

———

शंकासूर

हे पटलं. बाणाच्या बाजूने एक गुण.

———

पोपयाचो देठ

मालवणसून. धागो आजच बघितलंय. (बाकीचं प्रमाणभाषेत लिहितो, नायतर शंकासूर शंका काढतील.)

आम्ही लहानपणी पपईच्या पानाचा देठ घ्यायचो, तो आतून पोकळ. पुढे बाभळीचा काटा, मागे कापसाचा बोंडका, फुंकर मारली की काटा जाऊन केळीच्या बुंध्यात. कापूस हेच पीस आणि हाच सॅबो, आता कळलं. एका दादाने तीन देठ दोरीने बांधून ‘तीन नळ्यांची’ केली होती. ती कधीच चालली नाही, हे आठवलं म्हणून काल संध्याकाळी पडवीत बसून पुन्हा केली. मुलगा मोबाइल घेऊन शूटिंगला.

वीस फुंकरी मारल्या. तिन्ही काटे बाहेर पडले असं फक्त चारदा झालं. बाकी वेळी ज्याचा कापूस सैल तो एकटा सुटतो, आणि तो सुटला की सगळी फुंकर त्याच मोकळ्या नळीतून निघून जाते. उरलेले दोघे आत तसेच. एकदा तर एक काटा देठाच्या तोंडाशी येऊन लोंबकळत राहिला.

———

त्रिज्या

देठकाका, हे फार मोलाचं आहे! आम्ही सगळे तोंडाबाहेरच्या भांडणात अडकलो होतो. तिन्ही नळ्यांना दारूचा कोठा सामाईक असेल तर भांडण नळीच्या आतच सुरू होतं. पहिला सुटला की दाब तिथून गळतो, मागच्यांना कमी मिळतो. म्हणजे वेगही निराळे. धागाकर्त्यांचं ‘हातभर’ आता मागेही सरकवा.

ते चार वेळा तिन्ही निघाले, ते कुठे लागले?

———

पोपयाचो देठ

दोन केळीत. एक न्हाणीच्या दारात. बाकी नऊ अजून शोधतोय, अनवाणी चालायची सोय उरली नाही. बायको म्हणते धागाकर्त्यांचा पत्ता दे.